मैफल विरते, तबकडी उरते

आमच्या सीमाभागात गाण्याचा वाद निघाला की तो फिरून फिरून एकाच मुद्द्यापाशी येतो. ज्यांनी थोर गवई समोर बसून ऐकले ते म्हणतात, "गाणे मैफलीत असते, तबकडीत नुसती त्याची सावली." ज्यांच्या नशिबी ती मैफल नव्हती ते गप्प बसतात आणि घरी जाऊन तबकडी लावतात. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांना समोर ऐकलेला माणूस आज शोधून सापडायचा नाही. उरल्या त्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्या. म्हणजे सावलीवाल्यांनी मुकाट्याने मान्य केले पाहिजे की आज आपल्या हाती सावलीच आहे, आणि तीही थोडीथोडकी नाही.

हाच वाद मी गेली पस्तीस-एक वर्षे स्वतःशी घालतो आहे. पण वेगळ्याच गाण्याच्या निमित्ताने. ते गाणे म्हणजे रॉक. मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि या गाण्याचाही एक इतिहास आहे, एवढीच माझी सबब.

१९८७ साली मी धारवाडला शिकायला होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत हुबळीचा एक मुलगा होता. त्याची मातृभाषा कन्नड, माझी मराठी. बाहेर भाषेचे वारे तापलेले असले की आमच्या खोलीत तिसऱ्याच भाषेतले गाणे लागे आणि दोघांचीही सोय होई. त्याच्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती. कुणाच्या तरी तबकडीवरून उतरवलेली, वर बॉलपेनने नाव लिहिलेले : डीप पर्पल, 'मेड इन जपान'.

पहिल्यांदा ऐकताना मला तो निव्वळ गोंगाट वाटला. तिसऱ्या-चौथ्या वेळी एका जागी कान थबकले. गिटारवादक एक लहानशी सुरावट वाजवतो आणि गायक तीच गळ्यातून जशीच्या तशी परत करतो. गिटार वर चढते, गळाही चढतो. गिटार खोडी काढते, गळाही खोडी काढतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला याहून आणखी काय सांगायचे? शिवाय त्यात ऑर्गन होता. संगीत नाटकांच्या कृपेने ऑर्गन मराठी घरांना परका नाही. पण जॉन लॉर्ड आपला विजेवरचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या ध्वनिवर्धकांतून वाजवीत असे, त्यामुळे तो रंगमंचामागे बसून साथ करीत नाही, पुढे येऊन भांडतो. आणि प्रत्येक गाणे संपले की टाळ्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या, जपानातल्या, अनोळखी माणसांच्या टाळ्या. त्या टाळ्यांनी मला या गाण्याच्या इतिहासाकडे ओढले.

हा इतिहास एका आगीपासून सुरू होतो. १९६८ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात १९६९ पासून रिची ब्लॅकमोर (गिटार), इयन गिलन (गायन), रॉजर ग्लोव्हर (बेस गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन) आणि इयन पेस (ड्रम) असे पाच जण होते. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडला जिनिव्हा सरोवराकाठच्या माँट्रू गावी गेली. स्टुडिओच्या चार भिंतींत आपल्या गाण्यातला जोम मरतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून गावातल्या कॅसिनोच्या सभागृहात वाजवायचे आणि रोलिंग स्टोन्सचा ध्वनिमुद्रणाचा ट्रक बाहेर उभा करून ते टिपायचे, असा बेत होता.

४ डिसेंबरला त्याच सभागृहात अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम होता. तो ऐन रंगात असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी इशाऱ्याच्या पिस्तुलातून छताकडे पेटता गोळा सोडला. आग लागली. माँट्रूच्या जाझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी तरुण श्रोत्यांना बाहेर काढण्यासाठी धावपळ केली. सुदैवाने कुणी दगावले नाही. पण कॅसिनो जळून गेला आणि झापांची वाद्येही गेली. डीप पर्पलची मंडळी तेव्हा गावातच होती. सरोवराच्या पाण्यावर पसरलेला धूर त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

सभागृह गेले, ट्रक मात्र उभा. मग गावातले एक नाट्यगृह मिळवले. तिथे एका चालीचे ध्वनिमुद्रण होते न होते तोच शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि पोलीस आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेले ग्रँड हॉटेल मिळाले. त्याच्या थंडगार बोळात गाद्या उभ्या करून आवाज आवरला आणि काम सुरू केले. वाजवलेले ऐकायचे तर ट्रकपर्यंत इतका मोठा वळसा पडे की पुढे पुढे त्यांनी ऐकणेच सोडून दिले. नाट्यगृहात पोलिस येण्याआधी जी चाल टिपली गेली होती तिच्यासाठी शब्द हवे होते. ग्लोव्हरला झोपेतून उठताना पाण्यावरच्या धुराचे शब्द सुचले आणि 'स्मोक ऑन द वॉटर' तयार झाले. गाण्यात आग, हॉटेल, ट्रक आणि नोब्स, सगळे आहे. आपल्या पोवाड्याप्रमाणे जे घडले ते सांगितले आहे. हे गाणे असलेली 'मशीन हेड' ही तबकडी १९७२ च्या मार्चमध्ये निघाली.

म्हणजे पाहा : मैफल जळाली, तिच्यातून तबकडी झाली. पुढे त्या तबकडीतून पुन्हा मैफल झाली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी जपानला गेली. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. हे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावेत हा आग्रह जपानी कंपनीचा. वाद्यवृंदाला त्यात फारसा रस नव्हता. मैफलीच्या तबकड्या बहुधा निकृष्ट निघतात, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. अखेर आपलाच ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च हवा आणि अखेरचा शब्द आपला, या अटींवर ते तयार झाले. तबकडी जपानपुरतीच काढायची होती. परंतु फिती ऐकल्यावर सगळ्यांचे मत पालटले आणि १९७२ च्या डिसेंबरात दोन तबकड्यांचा तो संच इंग्लंडमध्येही निघाला. एकूण गाणी सात. शेवटचे गाणे अख्खी एक बाजू व्यापणारे, जवळजवळ वीस मिनिटांचे. पुढे १९७३ साली अमेरिकेत 'स्मोक ऑन द वॉटर'ची छोटी तबकडी निघाली तेव्हा तिच्या एका बाजूला हॉटेलात पुरे झालेले गाणे होते आणि दुसऱ्या बाजूला जपानातले. खरे कोणते, हे ऐकणाऱ्याने ठरवावे!

इथे माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा होतो. ती सात गाणी एका रात्रीची नाहीत. 'स्मोक ऑन द वॉटर' १५ तारखेचे, बाकीची बहुतेक १६ ची, दोन टोकियोतली. म्हणजे मी कॅसेटवर जी मैफल ऐकत होतो तशी सलग मैफल कुठेच झाली नव्हती. ती तीन रात्रींतून निवडून जुळवलेली होती. १९९३ साली तिन्ही रात्री तीन सीडींच्या संचात निघाल्या, तेव्हा हे उघड ऐकता आले. तेच गाणे, तेच पाच जण, पण एका रात्री गिटार घाईत, दुसऱ्या रात्री निवांत. एका रात्री गळा लागलेला, दुसऱ्या रात्री सांभाळून घेतलेला.

आपल्याकडे पोथ्यांचे असेच आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण गावोगावच्या पोथ्यांत पाठभेद माजले होते. तिथे मूळ शोधण्याला अर्थ आहे, कारण मागे एक ग्रंथ आहे. पण जे गाणे दर रात्री नवे होते त्याची मूळ प्रत कोणती धरायची? माँट्रूच्या बोळातली? ओसाकाची? मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की कागद हा घटनेचा साक्षीदार असतो, घटना नसते. हे फळ्यावर लिहिणे सोपे. अंगी बाणायला मला फार किंमत मोजावी लागली. ती हकीकत सांगतो.

१९९५ च्या एप्रिलमध्ये डीप पर्पल मुंबईत येणार अशी बातमी आली. हुबळीच्या मित्राने दोन तिकिटे काढली आणि पत्र पाठवले : ८ तारखेचा कार्यक्रम आहे, ७ ला रात्री बेळगावहून बसने निघू. मी तेव्हा नवा शिक्षक. १० एप्रिलला शाळेचा निकाल, गठ्ठे तपासायचे राहिलेले. ते मी कारण म्हणून लिहिले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. मनातले कारण वेगळे होते. ब्लॅकमोर १९९३ च्या नोव्हेंबरातच वाद्यवृंद सोडून गेला होता. त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स आला होता. ब्लॅकमोर नाही तर ते 'खरे' डीप पर्पल नाही, असे मी ठरवून टाकले. माझी कॅसेट हीच माझी मूळ प्रत होती, आणि तिच्याशी जुळत नाही म्हणून मी समोर चालून आलेली घटना नाकारली.

मित्र एकटा गेला. परत आल्यावर भेटला तेव्हा आवाज बसलेला. मी खोदून खोदून विचारले : नवा गिटारवाला कसा? ऑर्गन कसा? त्याने सांगायला सुरुवात केली, हात हवेत फिरवले आणि मध्येच थांबला. म्हणाला, "सांगून येत नाही रे. तू यायला पाहिजे होतास."

त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते. २००० साली ते 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने निघाले. या नावालाही एक जुनी कथा आहे. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची रचना १९६९ साली आली होती. तिच्याच सुरावटीवरून डीप पर्पलने १९७० साली आपल्या 'चाइल्ड इन टाइम'चा ऑर्गनचा आरंभ बांधला. म्हणजे धारवाडच्या खोलीत रात्री दिवा मालवून आम्ही जे गाणे ऐकत होतो, त्याच्या पोटात मुंबईचे नाव आधीपासून होते.

ती डीव्हीडी मित्रानेच मला आणून दिली. पहिल्यांदा पाहताना मी शिक्षकाच्या नजरेने तुलना करीत राहिलो. जॉन लॉर्डने २००२ मध्ये वाद्यवृंद सोडला आणि १६ जुलै २०१२ रोजी तो वारला. त्या रात्री मी ती पुन्हा लावली. १९९५ साली जो ऑर्गन मला पुरेसा 'मूळ' वाटला नव्हता, तो ऐकण्याची संधी आता कुणालाच उरली नव्हती.

२०२१ साली मित्रही गेला. त्यानंतर ती डीव्हीडी मी तिसऱ्यांदा पाहिली. या वेळी रंगमंचाकडे माझे लक्षच नव्हते. चित्र गर्दीवरून फिरले की मी थांबवून तो दिसतो का पाहत होतो. अंधार, उंचावलेले हात, घामेजलेले चेहरे. त्यात तो नव्हता, किंवा मला ओळखू आला नाही. पण शेवटी श्रोते गाऊ लागतात तेव्हा त्या हजारोंच्या आवाजात त्याचा आवाज आहे, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण दोन दिवसांनी तो बसलेला आवाज मी ऐकला होता. तबकडीला सावली म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पण मी स्वतः त्या सावलीपाशी अजूनही बसतो.

गेल्या वर्षी आमच्या एका तरुण शिक्षकाचा दोन दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारण लिहिले होते, 'घरगुती'. मी बोलावून विचारले तेव्हा तो आधी चाचरला, मग खरे बोलला. बंगळूरला कुठल्याशा वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. त्या वाद्यवृंदाचे नाव मी कधी ऐकले नव्हते. घटक चाचणी तोंडावर होती. मी सही केली आणि त्याच्या तासांना स्वतः जाऊन बसलो.

सोमवारी तो आला. "कसा झाला कार्यक्रम?" मी विचारले. तो उत्साहाने सांगू लागला, हात हवेत फिरवले आणि मध्येच थांबला.

"सांगून नाही कळायचं, सर," तो म्हणाला.

मी मान हलवली. घंटा झाली होती. तो वर्गावर गेला.