घरगुती गॅरेजचे तापन

घरगुती गॅरेजचे तापन म्हणजे घराला जोडून किंवा घराच्या आवारात बांधलेले वाहनगृह हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने उबदार राखण्याची व्यवस्था होय. कॅनडात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तरेकडील राज्यांत ही व्यवस्था विशेष प्रचलित आहे. तापनाच्या पद्धतीची निवड मुख्यतः तीन बाबींवर अवलंबून असते: गॅरेजचा वापर, तेथून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचे प्रमाण आणि त्या भागात मिळणारे इंधन. गॅरेजमध्ये पेट्रोलची वाफ साचण्याची शक्यता असते आणि हवा खेळती नसते. त्यामुळे राहत्या खोलीत चालणारा प्रत्येक हीटर गॅरेजमध्ये सुरक्षित ठरतोच असे नाही.

संज्ञा

मराठी बोलीत ‘गॅरेज’ हा शब्द बहुधा वाहनदुरुस्तीच्या दुकानासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात तो उत्तर अमेरिकेतील अर्थाने, म्हणजे कुटुंबाच्या मालकीची मोटार ठेवण्याची बंदिस्त जागा या अर्थाने योजला आहे. तेथे ही जागा केवळ वाहनासाठी नसते. सुतारकामाचे टेबल, कपडे धुण्याचे यंत्र, पाणी तापवण्याची टाकी, रंगाचे डबे, बागकामाची अवजारे आणि गवत कापण्याच्या यंत्राचे पेट्रोल अशा अनेक वस्तू तेथे एकत्र असतात. तापनाचे फायदे आणि धोके दोन्ही या मिश्र वापरातून उद्भवतात.

पार्श्वभूमी

मोटारींच्या आरंभीच्या काळात आगीच्या भीतीने गॅरेज बहुधा घरापासून दूर बांधले जाई. त्या काळी इंजिन थंड ठेवण्यासाठी साधे पाणी किंवा पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. ते गोठल्यास इंजिनाला तडे जात. म्हणून कडक थंडीत रात्री पाणी काढून टाकणे किंवा गॅरेज उबदार ठेवणे आवश्यक असे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक द्रव बाजारात आले आणि ही निकड कमी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेल्या उपनगरांत घराला जोडलेले गॅरेज रूढ झाले. गॅरेजमधील आग, धूर व विषारी वायू थेट घरात शिरण्याचा प्रश्नही त्यामुळे निर्माण झाला.

हेतू

कॅनडातील विनिपेग येथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे उणे ९ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत इंजिनातील तेल घट्ट होते आणि बॅटरीची क्षमता घटते. पाण्यात विरघळणारे रंग व सरस गोठून निकामी होतात. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास तिची कायमची हानी होऊ शकते. गॅरेजच्या भिंतीतून अथवा छतातून जाणारे पाण्याचे नळ फुटण्याचा धोका असतो, तसेच गॅरेजच्या वरची खोली सतत गार राहते.

केवळ वस्तू गोठू नयेत एवढाच हेतू असल्यास ५ अंश सेल्सिअस पुरेसे असतात. काम करायचे असल्यास १३ ते १६ अंश लागतात. हा फरक खर्चाच्या दृष्टीने मोठा आहे. बाहेर उणे १० अंश असताना आतील तापमान १५ ऐवजी ५ अंश राखले, तर तापमानातील अंतर २५ अंशांवरून १५ अंशांवर येते आणि उष्णतेची गरज ४० टक्क्यांनी घटते.

उष्णतेची गरज

उष्णतेचा ऱ्हास भिंती, छत, दार, फरशीच्या कडा आणि फटींतून शिरणारी हवा यांद्वारे होतो. हीटरची क्षमता वॅट किंवा बीटीयू प्रतितास या एककांत सांगितली जाते. १ किलोवॅट म्हणजे सुमारे ३,४१२ बीटीयू प्रतितास.

उदाहरणादाखल ७ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच असे दोन मोटारींचे, एका बाजूने घराला जोडलेले गॅरेज घेता येईल. बाहेर उणे १५ अंश असताना आत १० अंश राखायचे आहेत असे मानू. भिंती पोकळ, छत उघडे, दार एकपदरी पत्र्याचे आणि फटी मोकळ्या असतील, तर साधारण हिशेबाने सुमारे ८.६ किलोवॅट उष्णता सतत पुरवावी लागते. त्याच गॅरेजच्या भिंती व छत उष्णतारोधक थराने भरले, दार रोधक गाभ्याचे बसवले आणि फटी बुजवल्या, तर हीच गरज सुमारे २.३ किलोवॅटवर येते. पहिल्या स्थितीत दिवसाला सुमारे २०६ युनिट, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ५५ युनिट ऊर्जा खर्च होते. या हिशेबात घराकडील भिंतीतून मिळणारी उष्णता धरलेली नाही.

उत्तर अमेरिकेत भिंतीवरील साध्या १२० व्होल्ट सॉकेटवर चालणाऱ्या हीटरची क्षमता बहुधा १.५ किलोवॅटपर्यंतच असते. असा हीटर वरील रोधनविरहित गॅरेजचे तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम ४ अंशांनी वाढवतो, म्हणजे आत उणे १० अंशांहून अधिक थंडी कायम राहते. रोधन केलेल्या गॅरेजमध्ये तोच हीटर तापमान शून्याच्या किंचित वर आणतो. हीटर ‘कमी पडतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा हीटरमध्ये नसून भिंतीत व दारात असते.

उष्णतारोधन

या कारणास्तव हीटर निवडण्यापूर्वी फटी बुजवणे, छताचे रोधन, दाराचे रोधन आणि भिंतींचे रोधन ही कामे करणे इष्ट मानले जाते. दाराच्या खालची रबरी पट्टी व बाजूच्या पट्ट्या बदलणे हे यांतील सर्वांत स्वस्त काम होय. ४.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असे दुहेरी दार साध्या पत्र्याचे असल्यास त्यातून, समान क्षेत्रफळाच्या रोधन केलेल्या भिंतीच्या तुलनेत, कितीतरी पट उष्णता निघून जाते.

रोधनासाठी काचतंतू, सेल्युलोज किंवा फेसयुक्त प्लॅस्टिक वापरतात. फेसयुक्त प्लॅस्टिक ज्वलनशील असल्याने ते उघडे ठेवता येत नाही. त्यावर सामान्यतः अर्धा इंच जाडीचा जिप्सम तक्ता बसवावा लागतो. घर व गॅरेज यांमधील भिंतीवरचा जिप्सम तक्ता आगीला अडवण्यासाठीही असतो. त्याला नळ अथवा तारांसाठी पाडलेली छिद्रे बुजवणे आवश्यक असते.

तापनाचे प्रकार

विजेचे हीटर: यांत ज्वलन होत नसल्याने विषारी वायू निर्माण होत नाही आणि धुराड्याची गरज नसते. छताला अथवा भिंतीला टांगलेले २४० व्होल्टचे ५ किलोवॅट हीटर रोधन केलेल्या दुहेरी गॅरेजला पुरेसे होतात. त्यांना ३० अँपिअरचे स्वतंत्र सर्किट लागते. बसवण्याचा खर्च कमी, परंतु चालवण्याचा खर्च विजेच्या दरानुसार अधिक असू शकतो. जलविद्युत मुबलक असलेल्या क्वेबेकसारख्या प्रांतात ही पद्धत परवडते.

हीट पंप: हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते. सौम्य थंडीत एक युनिट विजेमागे तीन किंवा अधिक युनिट उष्णता मिळते. कडक थंडीत हे प्रमाण व यंत्राची क्षमता दोन्ही घटतात. उन्हाळ्यात तेच यंत्र वातानुकूलनासाठी वापरता येते. अनेक घरगुती यंत्रांत तापनाची किमान मर्यादा १६ अंश असते. गॅरेज ५ किंवा ८ अंशांवर ठेवायचे असल्यास तशी सोय असलेलेच यंत्र निवडावे लागते, अन्यथा बचतीचा हेतू साधत नाही.

धुराडे असलेले गॅस हीटर: नैसर्गिक वायू किंवा प्रोपेनवर चालणारे हे हीटर छताला टांगतात. दुहेरी गॅरेजसाठी ४५,००० बीटीयू (सुमारे १३ किलोवॅट) क्षमतेचे हीटर सर्रास विकले जातात. ते गार झालेली जागा लवकर तापवतात. बंद ज्वलनकक्षाचे हीटर ज्वलनासाठी बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडतात. गॅरेजमधील वाफा व लाकडाची धूळ ज्योतीपर्यंत पोहोचत नसल्याने ते अधिक सुरक्षित ठरतात.

अवरक्त हीटर: हे हवेऐवजी समोरील वस्तू, फरशी व माणसे तापवतात. दार वारंवार उघडत असल्यास किंवा छत उंच असल्यास त्यांचा उपयोग होतो. मात्र मोटारीचे छत, लाकूड व कागद यांपासून उत्पादकाने सांगितलेले अंतर राखावे लागते.

फरशीखालील तापन: काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून गरम द्रव फिरवला जातो. उष्णता समप्रमाणात पसरते आणि फरशी लवकर सुकते. लादी तापण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे सप्ताहअखेरीस चार तास काम करणाऱ्यास ही पद्धत सोयीची नाही. नळ्या व लादीखालचे रोधन बांधकामाच्या वेळीच घालावे लागते.

धुराडे नसलेले इंधन हीटर: केरोसीन किंवा प्रोपेनवर चालणारे सुटे हीटर स्वस्त असतात व त्वरित ऊब देतात. त्यांतील ज्वलनाचे सर्व वायू गॅरेजमध्येच राहतात. तेथे ते नियमित वापरण्यास योग्य मानले जात नाहीत.

लाकडी शेगडी: जळाऊ लाकूड स्वस्त असलेल्या ग्रामीण भागात हिचे आकर्षण असते. तथापि उघडी ज्योत व ठिणग्यांमुळे अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानके घन इंधनाची शेगडी गॅरेजमध्ये बसवण्यास मनाई करतात.

सुरक्षितता

कार्बन मोनॉक्साइड

अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही आरंभीची लक्षणे थकवा किंवा सर्दीतापाची समजली जातात आणि तेवढ्यात बाहेर पडण्याची शक्ती नाहीशी होते. महाराष्ट्रात बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीमुळे किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागेही हाच वायू असतो.

गॅरेज तापवण्यासाठी अथवा मोटार गरम करण्यासाठी इंजिन आत चालू ठेवणे, दार उघडे असले तरी, घातक ठरू शकते. घराला जोडलेल्या गॅरेजमधून हा वायू दाराच्या फटींतून झोपण्याच्या खोल्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र घराच्या आत, झोपण्याच्या खोल्यांजवळ बसवतात. अनेक घरगुती सूचक यंत्रे गॅरेजमधील थंडी व मोटारीच्या धुरासाठी बनवलेली नसतात. अमेरिकेत आधारभूत मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेनुसार, राहत्या खोल्यांना हवा पुरवणाऱ्या तापनयंत्रणेने गॅरेजला हवा पुरवू नये किंवा तेथून परत घेऊ नये. घराच्या यंत्रणेला छिद्र पाडून गॅरेजकडे नळी काढणे हा वरकरणी सोपा उपाय त्यामुळे वर्ज्य ठरतो.

आग

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. म्हणजे गॅरेज गार आहे म्हणून धोका टळत नाही. अमेरिकी संहितांनुसार ठिणगी अथवा ज्योत निर्माण करणारे उपकरण फरशीपासून किमान १८ इंच (सुमारे ४६ सेंटिमीटर) उंच असावे लागते. वाफ पेटू न देणाऱ्या खास रचनेच्या उपकरणांना यातून सूट असते. मोटारीचा धक्का लागेल अशा जागी उपकरण असल्यास त्याला संरक्षक खांब द्यावा लागतो. कोणत्याही हीटरभोवती किमान ३ फूट जागा मोकळी ठेवण्याची शिफारस केली जाते. सुटे विजेचे हीटर एक्स्टेंशन कॉर्डवर चालवू नयेत, कारण बारीक तार तापून पेट घेऊ शकते.

आर्द्रता व गंज

१ किलोग्रॅम प्रोपेन जळाल्यावर सुमारे १.६ किलोग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. ९ किलोवॅट क्षमतेचा धुराडे नसलेला हीटर तासाला सुमारे १ लिटर पाणी हवेत सोडतो. हे पाणी गार भिंतींवर, अवजारांवर व करवतीच्या पात्यांवर जमते. मोटारीला चिकटलेला बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याची त्यात भर पडते. उत्तर अमेरिकेत रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. गोठलेल्या मिठाच्या तुलनेत उबदार, ओलसर गॅरेजमध्ये मीठ लागलेला पत्रा लवकर गंजतो. फरशीला उतार, पाण्याला निचरा आणि मोटार वेळोवेळी खालून धुणे हे त्यावरील उपाय होत.

निवडीचे निकष

केवळ मोटार सकाळी सुरू व्हावी एवढाच उद्देश असल्यास संपूर्ण गॅरेज तापवण्याची गरज नसते. इंजिनाला बसवायचा ब्लॉक हीटर बहुधा ४०० ते १,५०० वॅटचा असतो आणि टायमरच्या साहाय्याने तो प्रस्थानापूर्वी काही तासच चालवता येतो.

आठवड्यातून एखाद्या दिवशी काम करणाऱ्यास जलद तापणारा धुराड्याचा गॅस हीटर किंवा अवरक्त हीटर उपयुक्त असतो. दररोज काम होत असलेल्या, रोधन केलेल्या गॅरेजला हीट पंप किंवा २४० व्होल्टचा विजेचा हीटर सोयीचा होतो. नवे बांधकाम असल्यास फरशीखालील तापनाचा विचार करता येतो. गॅस व २४० व्होल्टच्या जोडणीसाठी बहुतेक ठिकाणी स्थानिक परवाना आणि तपासणी आवश्यक असते. विनापरवाना काम केल्यास आगीनंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

महाराष्ट्रात महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणीही वाहनगृह तापवण्याची गरज भासत नाही. कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र हा विषय तेथे गेल्यावरच प्रथम परिचयाचा होतो.

हे सुद्धा पहा

उष्णतारोधन
हीट पंप
कार्बन मोनॉक्साइड विषबाधा
ब्लॉक हीटर