काकडी, वऱ्हाडच्या परसबागेतील
(कुल–कुकर्बिटेसी). अकोला-अमरावतीकडे काकडीचे बी पावसाळी पिकासाठी जून-जुलैत, उन्हाळीसाठी जानेवारी-फेब्रुवारीत टोबतात. वऱ्हाडची काळी माती पाणी धरून ठेवते. मुळे कुजू नयेत म्हणून शेणखत मिसळलेल्या उंचवट्यावर बी लावून वेल मांडवावर चढवणे बरे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘हिमांगी’ हे पांढरट फळांचे वाण घरगुती लागवडीस चालते. आधी येणारी नर फुले गळतात, त्याची काळजी नको. मादी फुलाच्या देठाशी इवलीशी काकडीच दिसते. मधमाशा फिरकल्या नाहीत, तर ती वाकडी होते किंवा पिवळी पडून गळते. पारा 40° से.च्या वर गेला आणि पाण्याचा ताण पडला, की कुकर्बिटॅसीन हे कडू द्रव्य वाढून फळ कडू होते. कडूपणा जावा म्हणून टोक कापून चोळण्याची रीत घरोघरी आहे. पण कडूपणा मुख्यतः देठाकडे आणि सालीलगत असल्याने तेवढा भाग जाड कापून टाकणेच उपयोगाचे.