विनोदी चाच्यांचे संगणकीय साहसखेळ आणि ‘आंग्रे चाचे’ ही संज्ञा : एक पुनर्विचार

प्रस्तावना

एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, हाती जीर्ण नकाशा आणि तोंडी रांगडी भाषा ही सागरी चाच्याची प्रतिमा आज जगभर परिचित आहे. ती इतिहासग्रंथांनी घडविलेली नाही. कादंबरी, रंगभूमी, चित्रपट आणि गेल्या चार दशकांत संगणकीय खेळ यांनी ती घडविली. नागपूर शहर समुद्रापासून खूप दूर आहे. मनीषनगरसारख्या वस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला जहाज, तोफा आणि सागरी लढाई यांची पहिली ओळख बहुधा पडद्यावरच होते. त्यानंतर तो पाठ्यपुस्तकातील सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यापर्यंत पोहोचतो. पडद्यावरून मनात ठसलेली प्रतिमा इतिहासाच्या आकलनावर कोणता परिणाम करते, हा प्रश्न त्यामुळे इतिहासाच्या अध्यापकाला टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात ‘मंकी आयलंड’ या गाजलेल्या विनोदी खेळमालिकेचा नव्याने विचार केला आहे. या मालिकेतील विनोद कशाच्या आधारावर उभा आहे आणि त्याच परंपरेतील विनोद आंग्रे घराण्याच्या वाट्याला आला तेव्हा त्याचे स्वरूप कसे पालटले, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

खेळमालिकेचा उदय व स्वरूप

‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा खेळ १९९० साली ल्यूकासफिल्म गेम्स या अमेरिकन संस्थेने प्रसिद्ध केला. रॉन गिल्बर्ट हे त्याचे मुख्य रचनाकार असून टिम शेफर व डेव्ह ग्रॉसमन हे त्यांचे सहकारी होते. पडद्यावर ‘उघड’, ‘उचल’, ‘बोल’, ‘ढकल’ अशा अर्थाच्या क्रियापदांची यादी असे. खेळणाऱ्याने माउसच्या साहाय्याने एखादे क्रियापद व चित्रातील एखादी वस्तू निवडली की कथा पुढे सरकत असे. या पद्धतीला ‘पॉइंट अँड क्लिक’ साहसखेळ असे म्हणतात. त्या काळातील अनेक साहसखेळांत एक चुकीचे पाऊल पडताच नायकाचा मृत्यू होई. गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या प्रथेवर टीका केली होती. ‘मंकी आयलंड’मध्ये नायक जवळजवळ मरतच नाही. आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, अशी फुशारकी तो मारतो. खेळणाऱ्याने त्याला त्याहून अधिक काळ पाण्याखाली ठेवले, तरच तो बुडतो.

गायब्रश थ्रीपवूड हा या खेळाचा नायक होय. चाचा होण्याची आकांक्षा बाळगून तो एका काल्पनिक कॅरिबियन बेटावर येतो. तेथील वरिष्ठ चाचे त्याला तलवारबाजी, चोरी व खजिन्याचा शोध या तीन परीक्षा देण्यास सांगतात. खजिन्याचा म्हणून विकत मिळालेला नकाशा प्रत्यक्षात नृत्याच्या पदन्यासांचा तक्ता असतो आणि खणून काढलेला खजिना म्हणजे एक छापील टी-शर्ट निघतो. तलवारबाजीत तलवारीपेक्षा जिभेला अधिक महत्त्व आहे. प्रतिस्पर्ध्याने केलेल्या अपमानाला समर्पक प्रत्युत्तर देणारा जिंकतो. खेळणारा प्रथम हरतो, हरता हरता अपमान व उत्तरे पाठ करतो आणि अखेरच्या लढतीत तीच उत्तरे अगदी वेगळ्या अपमानांना लागू करतो. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाशी परिचय असलेल्या मराठी रसिकाला ही रचना परकी वाटू नये. तेथेही प्रतिपक्षाचा प्रश्न त्याच्यावरच उलटविण्यात शाहिराचे कसब असते.

या मालिकेतील दुसरा खेळ १९९१ साली, तिसरा १९९७ साली, चौथा २००० साली व पाचवा २००९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन खेळांच्या नव्या रूपातील आवृत्त्या अनुक्रमे २००९ व २०१० मध्ये निघाल्या. २०२२ साली गिल्बर्ट व ग्रॉसमन यांनी ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ सादर करून तीन दशकांपूर्वीचे कथासूत्र पुन्हा हाती घेतले.

विनोदाचा आधार

या विनोदाचे मर्म असे की, खेळातील चाचे खरे चाचे असल्याचा दावाच करीत नाहीत. चाचेगिरी हा तेथे वेश आहे, परीक्षा देऊन मिळवावयाचा व्यवसाय आहे. जुनी जहाजे विकणारा वाचाळ विक्रेता आणि शीतपेयाच्या धर्तीवर मद्य देणारे यंत्र सतराव्या-अठराव्या शतकाचा आभास हेतुपुरस्सर मोडतात. दुसऱ्या खेळाच्या शेवटी तर नायक व त्याचा वैरी ही एका करमणूक उद्यानातील दोन मुले असल्याचे दाखविले आहे.

हा शेवट अकारण योजलेला नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झालेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही नौकाफेरी आणि टिम पॉवर्स यांची १९८७ मधील ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ ही कादंबरी या दोहोंचे ऋण गिल्बर्ट यांनी मान्य केले आहे. त्याही मागे १८८३ मध्ये ग्रंथरूपाने आलेली ‘ट्रेझर आयलंड’, १८७९ चे ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ हे विनोदी संगीतक आणि १७२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला चाच्यांच्या चरित्रांचा संग्रह अशी परंपरा आहे. थोडक्यात, ‘मंकी आयलंड’ हे चाच्यांचे विडंबन नसून चाच्यांविषयीच्या साहित्याचे विडंबन आहे आणि हे तो खेळ लपवीत नाही. त्याला मर्यादाही आहेत. कॅरिबियन बेटांवरील ऊसमळे व गुलामांचा व्यापार त्यात कोठेही दिसत नाही, तर बेटावरील मूळ रहिवासी पथ्यपाण्याच्या गोष्टी करणारे नरभक्षक म्हणून येतात. ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही त्यांच्यावरील विनोद कोणत्या दिशेने जाऊ शकतो, याची ही पूर्वसूचना होय.

‘आंग्रे चाचे’ : संज्ञेची घडण

लंडनमध्ये चाच्यांची चरित्रे आवडीने वाचली जात होती, त्याच काळात ‘चाचा’ हा शब्द कोकण किनाऱ्याकडे वळला. हिंदी महासागरात खरे चाचे होतेच. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल जहाज लुटले. औरंगजेबाने त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीला जबाबदार धरले व सुरतेतील इंग्रजांना अटकेत राहावे लागले. एव्हरीपाशी कोणत्याही राज्यसत्तेचा अधिकार नव्हता.

कान्होजी आंग्रे यांची स्थिती निराळी होती. ते मराठा राज्याच्या आरमाराचे सरखेल होते. शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथ यांनी केलेल्या समझोत्याने त्यांचे हे पद आणि किनाऱ्यावरील किल्ले मान्य झाले होते. त्यांच्या सागरी क्षेत्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यावे, अन्यथा जहाज पकडले जाईल, हा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीने देत आले होते. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत असे. म्हणजेच परवाना तिघांचाही होता. मात्र कंपनीच्या कागदपत्रांत एकाचा परवाना हक्क ठरला आणि दुसऱ्याचा चाचेगिरी. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी व १७२१ मध्ये पोर्तुगिजांच्या साहाय्याने कुलाबा येथे केलेल्या स्वाऱ्या अयशस्वी ठरल्यानंतर ही संज्ञा अधिकच दृढ झाली. कंपनीच्या आरमारी मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमंट डाउनिंग याने १७३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्र्यांना ‘पायरेट’ म्हटले आहे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला व तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून नष्ट झाले. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. या कृत्याला चाचेगिरी म्हटले गेले नाही. या मोहिमेत पेशवे नानासाहेब इंग्रजांचे सहकारी होते, हेही विसरता येत नाही. ज्या सत्तेच्या नावाने आंग्र्यांचा अधिकार होता, तिनेच हात काढून घेतल्यावर त्यांची बाजू मांडणारे दरबारी कोणी उरले नाही.

पडद्यावरील ‘संभाजी’

२००७ साली प्रदर्शित झालेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतील तिसऱ्या चित्रपटात जगभरातील चाचेप्रमुखांची सभा दाखविली आहे. त्यात हिंदी महासागराचा प्रमुख म्हणून ‘श्री संभाजी’ हे पात्र येते. हे नाव कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतलेले आहे, हे उघड आहे. चित्रपटात त्याचे सेवक त्याच्या वतीने बोलतात आणि अखेर तो स्वतः बोलतो तेव्हा त्याच्या किरट्या आवाजावर प्रेक्षकांनी हसावे अशी योजना आहे.

ज्या नौकाफेरीतून ‘मंकी आयलंड’ स्फुरला, तिच्यातूनच हा चित्रपटही निघाला. तरीही दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. गायब्रश थ्रीपवूड कधी अस्तित्वात नव्हता, म्हणून त्याची थट्टा कोणत्याही दप्तरावर अन्याय करीत नाही. संभाजी आंग्रे मात्र १७४२ पर्यंत हयात होते व विजयदुर्गाहून आरमार चालवीत होते. त्यांच्यावरील विनोद कंपनीच्या दप्तरातील निवाडा तपासल्याविना स्वीकारतो. भारतीय नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले आणि त्याच घराण्यातील पुरुष जागतिक पडद्यावर विदूषक झाला, यातील अंतर विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

नागपूरकरांसाठी एक कसोटी

हा विचार केवळ गौरवाच्या भावनेने करावयाचा नाही. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. बंगाली भाषेत ‘बारगीर’ या शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द मुलांना भीती घालण्यासाठी वापरला जाऊ लागला. गंगाराम या समकालीन बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात गावांची जाळपोळ व रयतेचे हाल वर्णिले आहेत. १७५१ च्या तहाने वार्षिक १२ लाख रुपयांची चौथाई ठरली, तेव्हा या स्वाऱ्या थांबल्या. रघूजींपाशी चौथाईचा अधिकार होता, एवढे सांगून बंगालमधील शेतकऱ्याचे दुःख खोटे ठरत नाही. ‘चाचा’ हा शब्द तपासून घ्यावा असा आग्रह धरणाऱ्याने ‘बर्गी’ या शब्दामागील अनुभवही ऐकून घेतला पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) ‘मंकी आयलंड’मधील विनोद निरागस राहतो, कारण चाचा हे साहित्याने रचलेले सोंग असल्याची कबुली तो खेळ स्वतःच देतो.

२) हीच प्रतिमा ऐतिहासिक व्यक्तीच्या नावाला जोडली गेली की विनोदाआडून एका पक्षाचा राजकीय निवाडा टिकून राहतो. आंग्र्यांच्या बाबतीत वादाचा विषय लुटीपेक्षा समुद्रावर परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा होता.

३) असे खेळ व चित्रपट वर्गाबाहेर ठेवण्याऐवजी वर्गात साधन म्हणून वापरावेत. हा शब्द प्रथम कोणी वापरला, त्यात त्याचा लाभ कोणता होता, दुसऱ्या पक्षाचे कागद काय सांगतात आणि ज्यांनी प्रत्यक्ष सोसले त्यांचे म्हणणे काय, हे चार प्रश्न ‘चाचा’ व ‘बर्गी’ या दोन्ही शब्दांना सारख्याच काटेकोरपणे विचारले जावेत.

समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही हे प्रश्न विचारता येतात. गायब्रशला मनमोकळे हसल्यानंतर ‘श्री संभाजी’ या पात्रापाशी तो क्षणभर थांबला आणि हे नाव येथे कसे आले असे त्याने विचारले, तर इतिहासाच्या अध्यापनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.