गोठवलेले अन्न आणि सामूहिक भोजनव्यवस्था : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अन्न शिजविणे आणि ते वाढणे यांत जितके अंतर पडते, तितका ते नासण्याचा धोका वाढतो. रुग्णालये, वसतिगृहे, उपाहारगृहे अशा सर्वच सामूहिक भोजनव्यवस्थांपुढे ही अडचण पूर्वापार आहे. गोठवण तंत्राने हे अंतर काही तासांवरून काही महिन्यांपर्यंत वाढविले. या तंत्राचे लाभ व मर्यादा त्याच्या इतिहासातूनच स्पष्ट होतात.

ऐतिहासिक वाटचाल :
१८८२ मध्ये 'डनिडिन' या जहाजाने न्यूझीलंडहून सुमारे ५,००० गोठवलेले मांसाचे नग तीन महिन्यांच्या प्रवासानंतर लंडनला सुस्थितीत पोहोचविले. दूरवरच्या व्यापाराचा प्रश्न यामुळे सुटला, तरी चवीचा प्रश्न शिल्लक होता. पदार्थ सावकाश गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, पेशी फाटतात आणि वितळताना रस वाहून जातो. १९१२ ते १९१५ या काळात लॅब्राडॉर येथे राहिलेल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठलेल्या माशांची चव टिकते, हे पाहिले. त्यातून त्यांनी शीघ्र गोठवणीचे यंत्र विकसित केले. १९३० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे या पद्धतीच्या पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली.

१९४५ च्या सुमारास विमानप्रवासासाठी संपूर्ण गोठवलेले जेवण तयार होऊ लागले. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे रुग्णालयीन भोजनासाठी 'शिजवा व गोठवा' या पद्धतीचे प्रयोग झाले. एका मध्यवर्ती स्वयंपाकगृहात दिवसा अन्न शिजवून ते अन्यत्र, सवडीने वाढता येऊ लागले. नासाडी घटणे, हंगामाबाहेर भाजीपाला मिळणे आणि मनुष्यबळाचे नियोजन सुकर होणे, हे या पद्धतीचे प्रमुख लाभ होत.

सुरक्षित हाताळणी :
उणे १८ अंश सेल्सिअस हे साठवणुकीचे सर्वमान्य तापमान मुळात शून्य अंश फॅरनहाइटचे रूपांतर आहे. या तापमानात सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, परंतु ते सर्व मरत नाहीत. म्हणूनच ब्रिटिश आरोग्य विभागाच्या १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांनी गोठवण्याआधीच्या व नंतरच्या टप्प्यांवर भर दिला. त्यांनुसार पदार्थाच्या गाभ्याचे तापमान किमान २ मिनिटे ७० अंश राखावे, शिजल्यापासून ३० मिनिटांच्या आत गोठवण सुरू करावी आणि पुन्हा गरम करतानाही ७० अंश गाठावेत. कच्चा माल शीतकपाटात, सुमारे ५ अंशांखाली वितळवावा, ओट्यावर नव्हे. एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नये.

भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ चे विनियम यांनी ही शिस्त कायद्याच्या चौकटीत आणली. तरीही नियमांपेक्षा सवय महत्त्वाची. २०१८ मध्ये युरोपात उघडकीस आलेल्या जीवघेण्या लिस्टेरिया प्रादुर्भावाचे मूळ गोठवलेल्या मक्यात आढळले. असा मका न शिजविता कोशिंबिरीत घातला, तर गोठवणीचा भरवसा फोल ठरतो.

निष्कर्ष :
गोठवण अन्नाचा काळ थांबविते, दोष नाहीसे करीत नाही. शीतगृहात ज्या अवस्थेत अन्न जाते, जवळपास त्याच अवस्थेत ते बाहेर येते. म्हणून भोजनव्यवस्थेतील सुरक्षिततेची खरी जबाबदारी यंत्रावर नसून, तापमापक हाती घेऊन नोंद ठेवणाऱ्या माणसावर आहे.