सात टक्क्यांची कुळकथा

मधुमेह असलेल्या घरात लॅबचा रिपोर्ट आला की नजर आधी एकाच ओळीवर जाते: एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर. आकडा सातच्या आत असला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. सातच्या वर गेला की गोळी वाढते, पथ्य कडक होतं आणि पेशंटला चार शब्द ऐकूनही घ्यावे लागतात. जगभरातल्या मधुमेहाच्या मार्गदर्शिकांमध्ये, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या उपचारांच्या लेखी शिफारशींमध्ये, हा सातचा आकडा ठाण मांडून बसला आहे. तो कुठून आला आणि कुणी ठरवला, हे समजलं की एखादी मार्गदर्शिका कितपत विश्वासाची आहे, हेही पारखता येतं.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्यानंतर मधुमेही माणसं जगू लागली. मात्र पंधरा-वीस वर्षं जगल्यावर त्यांची दृष्टी जाऊ लागली, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, पायांची संवेदना हरपू लागली. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन म्हणत, साखर काटेकोर ठेवा, हे सगळं टळेल. इतर डॉक्टरांना हा पेशंटचा नाहक छळ वाटे. हा वाद अर्धशतक चालला, कारण पुरावा कुणाकडेच नव्हता. लघवीतली साखर तपासली काय किंवा रक्तातली, कळायची ती त्या वेळेपुरतीच. महिनोन् महिने साखर कशी होती हे मोजण्याचं साधनच नव्हतं. त्यामुळे ज्येष्ठ डॉक्टरांचा शब्द हीच त्या काळची मार्गदर्शिका होती.

ते साधन १९६८ साली तेहरानमध्ये हाती लागलं. सॅम्युअल रहबर हे इराणी संशोधक हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार तपासत होते. मधुमेहींच्या रक्तात एक विशिष्ट प्रकार जास्त प्रमाणात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तेवढ्या काळाचा हिशेब त्या पेशीत साठून राहतो. १९७६ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनिग आणि अँथनी सेरामी यांनी दाखवून दिलं की साखर आटोक्यात आली की हा आकडाही उतरतो. आता जॉस्लिन बरोबर होते की नाही, हे तपासण्याची सोय झाली.

अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी नावाची चाचणी १९८३ ते १९९३ चालली. त्यात टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण होते. निम्म्यांची साखर काटेकोर राखली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार केले. पहिल्या गटाचा आकडा सातच्या आसपास राहिला, दुसऱ्याचा नऊच्या. साडेसहा वर्षांच्या सरासरी पाठपुराव्यानंतर, सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्या रुग्णांपैकी काटेकोर गटात डोळ्यांचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. त्याची किंमतही मोजावी लागली: साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. पाठोपाठ १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निकाल आले. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासात नव्याने निदान झालेले टाइप २ चे ५,१०२ रुग्ण होते. काटेकोर गट ७.० वर राहिला, दुसरा ७.९ वर, आणि डोळे-मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारांत २५ टक्के घट झाली.

या दोन अभ्यासांतून सातला मार्गदर्शिकांत स्थान मिळालं. सातच्या खाली सुरक्षित आणि वर धोका, अशी रेषा दोन्ही अभ्यासांत कुठेही सापडली नव्हती. आकडा जसा उतरे तसा धोकाही हळूहळू कमी होत जाई. त्या काळच्या औषधांनी, साखर फार न उतरू देता, माणसांना जिथवर पोचता आलं ती जागा म्हणजे सात. मुळात ती एका गटाची सरासरी होती. मार्गदर्शिकेत शिरल्यावर ती प्रत्येक पेशंटची परीक्षा झाली.

मग साहजिकच प्रश्न आला: सात चांगलं, तर सहा आणखी चांगलं नाही का? अकॉर्ड या चाचणीत १०,२५१ रुग्ण होते, सरासरी वय ६२, बहुतेकांचा मधुमेह जुना आणि हृदयविकाराचा धोका मोठा. एका गटाला सहाच्या खाली आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला. काटेकोर गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २०३. जो आकडा उतरवल्याने तरुण रुग्णांचे डोळे वाचले, तोच आणखी खाली आणण्याचा हट्ट वयस्क रुग्णांच्या जिवावर बेतला.

त्याच सुमारास दुसरा धक्का बसला. रोसिग्लिटाझोन ही गोळी साखर उतरवत होती, म्हणून ती सर्रास लिहून दिली जात होती. २००७ मध्ये स्टीव्हन निसेन यांनी उपलब्ध चाचण्यांचं एकत्र विश्लेषण करून तिच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढत असल्याची शंका मांडली. २०१० मध्ये युरोपात तिची विक्री थांबली, भारतातही बंदी आली. पुढे अमेरिकेत तिच्यावरचे निर्बंध सैल झाले. पण या गोळीच्या बाजूने लिहिणाऱ्यांमध्ये औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध असलेल्यांचं प्रमाण जास्त होतं, हे २०१० च्या एका अभ्यासात पुढे आलं. शिफारस करणारा कुणाच्या पैशांवर काम करतो, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

मार्गदर्शिका पारखण्याची पद्धत या सगळ्याच्या आगेमागेच आकाराला आली. २००३ साली ‘अग्री’ नावाची कसोटी आली आणि २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती. तिच्यात २३ मुद्दे आणि सहा विभाग आहेत: उद्देश, सर्व संबंधितांचा सहभाग, पुरावा जमवण्याची काटेकोर रीत, मांडणीतली स्पष्टता, प्रत्यक्ष वापरण्याजोगेपणा आणि हितसंबंधांपासून मुक्तता. २०१० मध्येच निरनिराळ्या आजारांवरच्या ६२६ मार्गदर्शिकांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. स्पष्टतेला सरासरी ६० टक्के गुण होते, हितसंबंधांपासून मुक्ततेला ३० आणि वापरण्याजोगेपणाला अवघे २२. म्हणजे मार्गदर्शिका बोलतात स्वच्छ, पण छोट्या गावातल्या दवाखान्यात हे कसं जमवायचं आणि खर्च कोण सोसणार, यावर बहुतेक वेळा गप्प राहतात.

ही कसोटी कागद कसा तयार झाला ते पाहते. सल्ला अचूक आहे की नाही, हे ती सांगत नाही. २०१८ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने याच कसोटीवर सहा मार्गदर्शिका तपासल्या आणि टाइप २ च्या बहुतेक प्रौढांसाठी सात ते आठ हे लक्ष्य सुचवलं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि इतर संस्थांनी त्याला जाहीर हरकत घेतली. पुरावा तोच असूनही निष्कर्ष वेगळे निघाले, कारण एकाने डोळे आणि मूत्रपिंडांच्या दूरच्या लाभाला जास्त वजन दिलं, तर दुसऱ्याने साखर उतरण्याच्या आणि औषधांच्या आजच्या ओझ्याला. मतभेद असा उघड झाला की डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही आपली निवड करता येते.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून वजनाचे युरोपीय निकष इथे जसेच्या तसे चालत नाहीत. सातचा आकडाही दर वेळी खरं बोलेलच असं नाही. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटा वाढू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, तेव्हा तो खोटा कमी येतो. ज्या मार्गदर्शिकेत याची दखल नाही, ती इतर कसोट्यांवर कितीही गुण मिळवो, आपल्यासाठी अपुरीच आहे.

चांगली मार्गदर्शिका प्रत्येक शिफारशीमागचा पुरावा आणि त्याची ताकद सांगते, लिहिणाऱ्यांचे हितसंबंध उघड करते, सल्ला कुणाला लागू नाही तेही नोंदवते आणि नवा पुरावा आला की स्वतःला बदलते. पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा आकडा सातच्या आत आहे का, एवढंच विचारून उठू नका. माझं वय, माझं रक्त, माझी बाकीची दुखणी पाहता माझं लक्ष्य किती आणि ते का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका आणि वाढवूही नका. हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे, आणि त्याचं उत्तर सवडीने समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.