मदतनीस ते डॉक्टर

‘डॉक्टर’ हा शब्द ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत डॉक्टर म्हणजे शिकवण्याचा अधिकार मिळालेला विद्वान. रोग्याची नाडी पाहणाऱ्याला हे नाव नंतर चिकटले. आज अमेरिकेत भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, शिकणाऱ्यालाही विद्यापीठ डॉक्टरेट देते. हे कसे घडले?

अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांचे आखडलेले सांधे मोकळे करण्यासाठी सैन्याने तरुण स्त्रियांना मालीश आणि व्यायाम शिकवायचे ठरवले. ऑरेगॉन राज्यातील रीड कॉलेजात १९१८ मध्ये मेरी मॅकमिलन यांनी असे वर्ग घेतले. अभ्यासक्रम होता काही महिन्यांचा आणि हुद्दा होता ‘मदतनीस’. डॉक्टरांनी सांगायचे, यांनी करायचे. याच स्त्रियांनी १९२१ मध्ये आपली संघटना उभारली. मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

मात्र हे काम केवळ हातांचे नव्हते. व्हर्माँट राज्यात १९१४ मध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी स्नायूंची ताकद मोजण्याची पद्धत वापरली. त्यासाठी यंत्र नको, गुरुत्वाकर्षण पुरते! वर्गात करून पाहा. हात खाली सोडून कोपर वाकवा. हाताचे वजन पेलून तो पूर्ण वाकला, तर स्नायूची श्रेणी ३. उचलता येत नाही, पण टेबलावर आडवा ठेवून सरकवता येतो, तर २. नुसतीच थरथर जाणवली तर १, काहीच नाही तर ०. कोणी हात दाबून धरला तरी वाकवता आला, तर जोराप्रमाणे ४ किंवा ५. (हे आकडे नंतर रूढ झाले.)

अशी श्रेणी ठरवणे हा निर्णय असतो, आणि निर्णयासाठी शरीररचना, चेतासंस्था, यामिकी हे सारे समजावे लागते. त्यामुळे अभ्यास लांबत गेला. नेब्रास्का राज्याच्या १९५७ च्या कायद्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट नव्हती. २०१५ पर्यंत पन्नासही राज्यांत रोग्याला कमीअधिक प्रमाणात थेट भौतिकोपचारकाकडे जाण्याची मुभा मिळाली. चिठ्ठीविना येणाऱ्याचे दुखणे स्नायूचे की आणखी कशाचे, हे ओळखण्याची जबाबदारी आता त्यांच्यावर आली.

क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये व्यवसायप्रवेशासाठीच डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. २०१६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त प्रवेश-अभ्यासक्रम डॉक्टरेटचाच असावा लागतो. पदवीनंतर साधारण तीन वर्षे, त्यांत रुग्णांवरील प्रत्यक्ष कामही. ही संशोधनाची पीएच.डी. नव्हे, तिचा प्रबंध वेगळा.

भारतात पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस भौतिकोपचाराची पहिली शाळा निघाली. आपल्याकडे पदवीनंतर व्यवसाय करता येतो.

मग अमेरिकेतील वाढीव वर्षांनी रोगी अधिक बरे होतात का? यावर तेथे वाद आहे. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्ज मात्र नक्की चढते. पदवीचे मोल शेवटी रोग्याच्या हातापायांतच तपासावे लागेल. दोनची श्रेणी तीन झाली, मुलाने स्वतः घास उचलला, तर शिकवणाऱ्याला डॉक्टर म्हणणे त्या शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच होईल.