खानदेशच्या वाटेवरील जेझुइट पाद्री आणि असीरगडची साक्ष

खानदेशातील ख्रिस्ती मिशनरी असे म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा विसाव्या शतकातील चित्र उभे राहते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचा मिशनचा दवाखाना, भिल्ल वस्त्यांतून बैलगाडीने हिंडणारे गोरे पाद्री, हिवाळ्यात गावाबाहेर पडणारे त्यांचे तंबू, असे ते चित्र होय. ते खोटे नाही. परंतु तो या कथेचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध त्याहून तीन शतके जुना आहे. त्या काळचे पाद्री येथे वसावयास आले नव्हते. ते गोव्याहून निघून मोगल बादशहाच्या दरबारी जात होते, आणि खानदेश त्यांच्या वाटेवर होता. त्यांच्या दिनचर्येचा व प्रवासाचा वृत्तान्त जमवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा मूळ हेतू होता. पण तो जमविताना आमच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला, व तोच लेखाचा मुख्य विषय होऊन बसला.

आम्ही अनेक वर्षे शाळेत संस्कृताबरोबर इतिहासही शिकविला. फारुकी घराण्याची अखेर सांगताना “अकबराने असीरगड लाच देऊन घेतला” हे एक वाक्य आम्ही दरवर्षी वर्गात उच्चारीत असू, व विद्यार्थी ते परीक्षेत तसेच्या तसे लिहीत असत. हे वाक्य कोणाच्या साक्षीवर उभे आहे, याचा विचार करण्यास सेवानिवृत्तीनंतरच फुरसद मिळाली. शोध घेता त्याचे मूळ ह्याच पाद्र्यांच्या पत्रांत सापडले. तेव्हा हे साक्षीदार कोण, कसे राहात, काय पाहात व काय नुसते ऐकत, हे तपासणे आम्हांस प्राप्तच झाले.

१. वाट

अकबराच्या बोलावण्यावरून पहिले जेझुइट मंडळ १७ नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून निघाले. त्यात तिघे होते: प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा हा इटालियन, अंतोनी मोन्सेरात हा कातालान, व फ्रान्सिस्को हेन्रिकेश हा मूळचा होर्मुझचा इराणी मुसलमान, जो पुढे ख्रिस्ती होऊन दुभाष्याचे काम करीत असे. समुद्रमार्गाने दमण, तेथून सुरत, व सुरतेहून १५८० च्या जानेवारीत खुष्कीने पूर्वेकडे असा त्यांचा क्रम होता. तापीच्या काठाने कुकरमुंडा, मग तळोदे, मग सुलतानपूर, आणि तेथून सातपुडा ओलांडून व नर्मदा उतरून मांडू व उज्जयिनी, असा हा मार्ग आहे. कुकरमुंडा आज गुजरातेत आहे. तळोदे व सुलतानपूर ही १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होती. त्या वर्षी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती त्यात गेली. सुलतानपूर त्या काळी मोठे नांदते गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ते ओस पडले. सुरत सोडल्यापासून सुमारे सहा आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी १५८० रोजी, मंडळ फत्तेपूर-सिक्रीस पोहोचले. मोन्सेरात मात्र वाटेत नरवर येथे आजारी पडल्यामुळे मागे राहिला व काही दिवसांनी दाखल झाला.

दुसरी वाट तापीच्या खोऱ्यातून सरळ पूर्वेस बुऱ्हाणपुराकडे जाई. तिचे मुक्काम १६१५ साली त्या वाटेने गेलेल्या सर टॉमस रो या इंग्रज वकिलाच्या रोजनिशीत क्रमाने दिले आहेत: नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, अडावद, रावेर आणि बुऱ्हाणपूर. सुरतेहून बुऱ्हाणपुरास पोहोचण्यास त्याला सुमारे पंधरा दिवस लागले. आजच्या धुळे व जळगाव जिल्ह्यांतील वाचकांस ही नावे वाचताना आपल्याच तालुक्यांची यादी वाचल्यासारखे वाटेल. गोवा व गुजरातचा किनारा यांस बुऱ्हाणपुराशी जोडणारी नेहमीची वाट ती हीच.

२. दिनचर्या

या प्रवाशांपैकी मोन्सेरातावर त्याच्या वरिष्ठांनी एक काम सोपविले होते: जे जे घडेल ते लिहून ठेवावे. त्याप्रमाणे तो सुमारे अडीच वर्षे रोज रात्री त्या दिवसाची हकीगत टिपीत असे. दिवसभराची मजल, उन्हाचा ताप, भाषेची अडचण, आणि मग दिव्याजवळ बसून लिहिणे, हा त्याचा क्रम. पुढे अॅबिसिनियास जात असता तो अरबांच्या हाती सापडला, व सना येथे बंदीत असताना त्याने या टिपणांवरून आपला लॅटिन ग्रंथ पुरा केला. त्या ग्रंथाचे हस्तलिखित १९०६ साली कलकत्त्यात उपलब्ध झाले, १९१४ साली फादर होस्टेन यांनी ते छापले, व १९२२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. म्हणजे सव्वातीनशे वर्षे ही साक्ष अंधारातच पडून होती.

मोगल छावणीचे वर्णन त्याने काबूलच्या स्वारीच्या निमित्ताने केले आहे. प्रत्येक सरदाराची जागा ठरलेली असे, बाजाराच्या पेठा प्रत्येक मुक्कामी त्याच क्रमाने लागत, मजलेचे अंतर काठीने मोजण्यास स्वतंत्र माणसे असत, व रात्री वाट चुकलेल्यांसाठी उंच खांबावर दिवा लावीत. अशाच छावणीत वीस वर्षांनंतर दुसऱ्या दोन जेझुइटांना खानदेशात राहावे लागले. एक जेरोम झेवियर, सुप्रसिद्ध फ्रान्सिस झेवियर याच्या बहिणीचा नातू. दुसरा बेंतो द गोईश, अझोर बेटांतील, पूर्वाश्रमीचा शिपाई, व संघात पाद्री नव्हे तर केवळ बंधू. हे दोघे मान्युएल पिन्हेरो नामक तिसऱ्या जेझुइटासह १५९५ साली लाहोरास आले होते. १५९७ साली बादशहाबरोबर काश्मिरास गेले असता झेवियर दोन महिने तापाने अंथरुणास खिळला होता. तेथे दुष्काळात आईबापांनी टाकलेली मुले गोळा करणे व मरणोन्मुखांस बाप्तिस्मा देणे हेच त्यांचे काम होऊन बसले.

झेवियराचा बहुतेक वेळ फारसी शिकण्यात जाई. त्याचे फळ म्हणजे १६०२ साली अब्दुस्सत्तार नामक विद्वानाच्या साह्याने त्याने फारसीत पुरे केलेले ख्रिस्तचरित्र. दिनचर्या म्हणावी तर अशी: सकाळी आपली उपासना, मग मुनशीजवळ पाठ, बोलावणे आल्यास दरबार, आणि छावणीत आढळणाऱ्या आर्मेनियन व इतर ख्रिस्ती लोकांची देखभाल. पत्र गोव्यास पोहोचून उत्तर यावयास महिनेच्या महिने लागत. संस्कृत पाठशाळेत व्याकरणाची घोकंपट्टी केलेल्या आम्हांस, पन्नाशीत पदार्पण केल्यावरही परभाषेची रूपे पाठ करणाऱ्या या गृहस्थाविषयी, त्याच्या धर्ममतांविषयी काहीही वाटो, आदरच वाटतो.

३. असीरगड

फारुकी घराण्याची स्थापना मलिक राजाने १३८२ साली केली. त्याची राजधानी थाळनेर. पुढे बुऱ्हाणपूर व त्याच्या उत्तरेचा असीरगड ही घराण्याची मुख्य स्थाने झाली. राजा अलीखान १५९७ साली मोगलांच्या बाजूने लढताना पडला, व त्याचा पुत्र बहादुरखान गादीवर आला. त्याने बादशहाशी जुळते घेतले नाही. अकबर १५९९ साली आग्र्याहून निघाला, १६०० च्या वसंतात त्याने बुऱ्हाणपूर विनासायास घेतले, आणि असीरगडास वेढा पडला. झेवियर व गोईश त्याच्या छावणीत होते.

गड तोफांवाचून पडेना. तेव्हा बादशहाने झेवियरास चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा व दारूगोळा मागविण्याविषयी पत्र लिहावयास सांगितले. झेवियराने ते नाकारले. आपल्या धर्मास हे विरुद्ध आहे असे त्याने सांगितले. पोर्तुगीजांचा खानदेशच्या सुलतानाशी स्नेह होता, ही गोष्टही त्याच्या मनात असणारच. बादशहा इतका संतापला की त्याने दोघांस ताबडतोब गोव्यास चालते होण्याचा हुकूम दिला. हितचिंतकांनी सल्ला दिला की निघू नका, काही दिवस नजरेआड राहा. तसे केल्यावर राग ओसरला. आश्रयदात्याच्या तंबूत राहून त्यालाच नकार द्यावा लागणे, हा परदेशी मिशनऱ्याच्या जिण्यातील खरा पेच येथे उघड दिसतो.

१६०१ च्या जानेवारीत गड बादशहाच्या हाती आला. बहादुरखानास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले, व प्रांतास शाहजादा दानियालच्या नावावरून दानदेश असे नवे नाव मिळाले. गडात सात पोर्तुगीज होते व ते बचावाचे काम करीत होते. त्यांस झेवियराच्या स्वाधीन करण्यात आले. त्याच वर्षी बादशहाचा वकील गोव्यास गेला. त्याच्याबरोबर गोईश होता, व त्याने मुक्त झालेल्या पोर्तुगीज बायकामुलांसह ही मंडळी गोव्यास पोहोचविली. हाच गोईश पुढे आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात लाहोराहून यारकंदमार्गे निघाला, मार्को पोलोचे कॅथे म्हणजेच चीन हे त्याने सिद्ध केले, व १६०७ साली चीनच्या सरहद्दीवर सुचाऊ येथे मरण पावला.

४. साक्षीची परीक्षा

आता मूळ प्रश्न. गड पडला कसा? जेझुइट वृत्तान्त सांगतो की गडात पाणी, धान्य व सरपण भरपूर होते. बहादुरखानास शपथेवर बाहेर बोलावून अडकविले. त्याच्या हबशी किल्लेदाराने तरीही गड दिला नाही. शेवटी आतील लोकांस द्रव्य देऊन फितविले. अबुल फझल व फैझी सरहिंदी हे मोगल पक्षाचे लेखक सांगतात की गडात गर्दी व रोगराई माजली, माणसे खचली, मालीगड ही माची आधी पडली व मग गड शरण आला. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ साली अकबराच्या चरित्रात पहिला पक्ष उचलला व दुसरा बनावट ठरविला. आमचे वर्गातील वाक्य तेथूनच आले. १९२६ साली पेन यांनी स्मिथ यांच्या या निर्णयावर आक्षेप घेतले. परंतु शालेय पुस्तकांपर्यंत ते आक्षेप आमच्या वेळी पोहोचले नव्हते.

जेझुइट वृत्तान्ताची परंपरा पाहिली पाहिजे. झेवियराची पत्रे गोव्यास, गोव्याहून लिस्बनला. तेथे गेरैरोने त्यांचे सार पोर्तुगीजमध्ये छापले. त्यावरून द्यु जारिक याने फ्रेंच इतिहास रचला. हा द्यु जारिक हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. इतक्या हातांतून आलेल्या मजकुरात प्रत्यक्ष व ऐकीव यांचा भेद पुसला जातो. आमच्या शास्त्रकारांनी प्रत्यक्ष व शब्द ही प्रमाणे वेगळी मानली, व शब्द प्रमाण व्हावयास सांगणारा आप्त, म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थ सांगणारा असावा असे म्हटले. ती कसोटी येथे लावली असता असे दिसते: तोफांची मागणी, बादशहाचा कोप, कैद्यांची सुटका व गोव्याचा प्रवास ही झेवियर व गोईश यांच्या अनुभवाची गोष्ट आहे, तेथे संशयास जागा नाही. गडाच्या तटाआड काय झाले हे त्यांनी पाहिले नव्हते.

तथापि ते केवळ छावणीतील गप्पांवर अवलंबून होते असेही म्हणता येत नाही. आत राहिलेले सात पोर्तुगीज त्यांच्याच स्वाधीन झाले होते, व त्यांनी सांगितलेले पत्रांत उतरले असणे अगदी संभवनीय आहे. हा मुद्दा जेझुइट पक्षास बळकटी देतो. पण हरलेल्या बचावकर्त्यास आपण दुर्बळपणाने नव्हे, फितुरीने हरलो असे सांगणे नेहमीच सोयीचे असते. तसेच जिंकलेल्या बादशहाच्या इतिहासकारास लाच लपवून रोगाचे नाव पुढे करणे सोयीचे असते. दोन्ही साक्षीदार आपापल्या बाजूस झुकलेले आहेत. उभयतांस मान्य असलेला भाग एवढाच: बहादुरखान जिवंत गडाबाहेर आला, बादशहाच्या ताब्यात राहिला, व त्यानंतरही गड लगेच मिळाला नाही. रोगराई व द्रव्य ही दोन्ही कारणे एकत्र असण्यास काहीच बाधा नाही. खचलेल्या शिबंदीलाच द्रव्य लवकर दिसते.

ही पत्रे व हे दरबारी ग्रंथ सारे जिंकणाऱ्याच्या छावणीत उगम पावलेले. हरलेल्या घराण्याचा स्वतःचा शब्द ऐकावयाचा तर बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जावे. तेथे राजा अलीखानाचा अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. अव्यक्त, सर्वव्यापी, गुणातीत अशा तत्त्वास वंदन करून तो फारुकी राजांची वंशावळ देतो. काळ शके १५११, संवत् १६४६. झेवियर बुऱ्हाणपुरास आला तेव्हा त्या अक्षरांस जेमतेम दहा वर्षे झाली होती. त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेखही नंतर कोरला गेला. एकाच वास्तूत दोन्ही बाजू आहेत.

आज वर्गात उभे राहण्याचा प्रसंग आला तर आम्ही ते जुने वाक्य पुन्हा उच्चारणार नाही. “पाद्री असे म्हणतात, अबुल फझल असे म्हणतो, कोण काय पाहू शकत होता ते तुम्हीच ठरवा,” असे सांगू. परीक्षेस ते गैरसोयीचे होईल खरे. ज्या विद्यार्थ्यांस आम्ही एकाच पक्षाची साक्ष निकाल म्हणून शिकविली, त्यांच्यापैकी काही या त्रैमासिकाचे वाचक आहेत. त्यांनी ही दुरुस्ती आमच्याकडून उशिरा का होईना स्वीकारावी.

असो. सुलतानपूर, थाळनेर, चोपडे, रावेर या वाटेवरील गावांत कोणाच्या घरी जुनी दफ्तरे असतील तर त्यांनी ती तपासावीत. परक्या पाद्र्याने रात्री दिव्याजवळ बसून आपल्या मुलखाविषयी लिहून ठेवले. आपल्याकडील कागदही त्याच काळजीने वाचले जावेत, एवढीच विनंती.